दक्षिणेची खुर्ची

३ ऑगस्ट, रविवार

पेट्रोल पंपवाल्यानं पप्पांना जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरीच पडलेली. आज मी ढापली. कुणाशी तरी बोललो नाही तर डोकं फुटेल, आणि घरात बोलण्यासारखं कुणी नाही. पप्पांना पाण्याचे टँकर कळतात, आईला गाळ्यांचे भाडेकरू कळतात. माझं काय चाललंय ते मलाच कळत नाही.

उर्वी दिसली. दोन वर्षांनी. आमच्याच क्लबाच्या पोर्चमध्ये, गाडीतून उतरताना. केस कापलेत तिनं.

माजिवड्याच्या पाम व्ह्यू क्लबाची टीम आमच्या सुहृद क्लबात ब्रिज खेळायला आलेली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असा मैत्रीचा सामना असतो, एकदा डोंबिवलीत, एकदा ठाण्यात. कप नाही, बक्षीस नाही. हरलेल्यांनी पुढच्या खेपेला पत्त्यांचे नवे जोड आणायचे आणि जिंकलेल्यांनी "छे हो, पानंच चांगली आली" असं म्हणायचं, एवढाच रिवाज.

मला टीममध्ये घेतलं ते प्रभाकर देवस्थळी काकांमुळे. काका केमिकल कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालेले. त्यांची पार्टनर म्हणजे त्यांची बायकोच, शकूकाकू. त्या गेल्या, आणि काकांसमोर बसायला कुणी तयार होईना. तसा मीही क्लबात कुणाला नकोच असतो. मी 'भोईरांचा पोरगा', ज्यांच्या शेतावर क्लब उभा आहे त्यांचा. जमीन देताना आजोबांनी अट घातलेली, घरातल्या एकाला कायमची मेंबरशिप. पप्पा एकदाच आत गेले, काट्याचमच्यानं डोसा खाणारी माणसं बघितली आणि परत आले. आज मी निघताना म्हणाले, "तिथं आपला भात पिकाचा. आता तू पत्तं पिकव."

ब्रिज मला उर्वीनंच शिकवलेला, कॉलेजच्या कँटीनमध्ये. मग आर्यन तिच्याबद्दल काहीतरी बोलला, मी त्याचा दात पाडला, कॉलेजनं मला दोन महिने काढलं. त्यांनी दोन महिने काढलं, मी कायमचा निघालो. आयकार्ड कचऱ्यात. तिच्यासाठी. तिनं एक मेसेजसुद्धा केला नाही, पण घरच्यांनी फोन काढून घेतला असेल.

आज वाटलं, चार तास एका टेबलावर. पण नाही! ब्रिजमध्ये टीम चौघांची. दोघं एका खोलीत खेळतात, दोघं दुसऱ्या. एका खोलीत खेळून झालेली पानं जशीच्या तशी प्लास्टिकच्या बोर्डमध्ये घालून दुसऱ्या खोलीत पाठवायची. म्हणजे नशिबाला दोष देता येत नाही. पानं तीच, बघू कोण चांगलं खेळतो. चार खुर्च्यांना चार दिशांची नावं. समोरासमोरचे पार्टनर. काका कायम उत्तरेला, म्हणून मी दक्षिणेला. उर्वीही तिच्या टीमची दक्षिण. आणि दोन्ही टीमच्या दक्षिणा एका खोलीत कधीच बसत नाहीत.

पण एक गोष्ट आहे. तिच्या हातात असलेली तेरा पानं थोड्या वेळानं माझ्या हातात येतात. नेमकी तीच. बोर्डच्या दक्षिणेच्या खणातून मी ती काढली, तेव्हा वरची दोन पानं अजून गरम होती. शप्पथ.

४ ऑगस्ट

गरम वगैरे नसणार. एसी होता.

१० ऑगस्ट, रविवार

काकांबरोबर सराव. दोन भिडू क्लबातलेच, नेहमीचे.

काकांचं एक मला झेपत नाही. मी एखाद्या रंगाचं पान लावू शकलो नाही की ते लगेच, "चौकट नाही, पार्टनर?" नियमात बसतं ते. पार्टनरकडून हातात पान असून चुकून दुसरं पडू नये म्हणून विचारता येतं. पण प्रत्येक वेळी? मी काय बालवाडीत आहे? चौथ्यांदा विचारलं तेव्हा माझं डोकं सटकलं. म्हटलं, "काका, आपण एकमेकांना विचारायचं नाही. अपमान वाटतो मला."

त्यांनी पानं खाली ठेवली. "मी आणि शकू विचारायचो."

"मी शकू नाहीये."

"नाहीस. खरंय," म्हणाले. "बरं. नाही विचारायचं."

त्यानंतर त्यांनी एकदाही विचारलं नाही. हे मात्र मानलं.

बाहेर पडल्यावर त्यांनी हवेत नाक वर केलं आणि सांगितलं, आज फेज दोनमध्ये कुणीतरी अ‍ॅसिटिक हाताळतंय, म्हणून हा व्हिनेगरसारखा वास. मला सगळे वास एकच वाटतात, एमआयडीसीचा वास. काका म्हणाले, "चाळीस वर्षं नाक विकून खाल्लं, धनेश." त्यांना रिक्षात बसवलं. रिक्षावाल्याला पत्ता त्यांनी खिशातलं कार्ड काढून दाखवला. एवढा शिकलेला माणूस, तोंडानं सांगायला काय झालं? बोलायचा कंटाळा.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. घरात चाळीस माणसं. "सध्या काय करतोस?" असं सात काकांनी विचारलं. आठव्याला उलटं बोललो. आईनं ओढून स्वयंपाकघरात नेलं आणि मोदक वळायला बसवलं. बरं वाटलं तिथं. कुणी काही विचारत नव्हतं. सारण, पारी, सारण, पारी.

उर्वीला 'गणपती बाप्पा मोरया' पाठवलं. एक टिक.

७ सप्टेंबर, रविवार

माजिवडा. काकांना बोलेरोत घेऊन माणकोलीच्या पुलावरून गेलो, पाऊण तासात हायवेला. वाटेत काकांनी तीनदा विचारलं, आज कोणाबरोबर आहे. तिसऱ्यांदा मी उत्तरच दिलं नाही. म्हातारी माणसं उगाच बोलत राहतात.

तिचा क्लब म्हणजे काय सांगू. लॉबीत मासे. काका दारातच थांबले, म्हणाले, "उत्तर कुठली?" टेबलावर बाण काढलेला असतो, तो दाखवला, तेव्हा बसले. आणि मी समोर बसल्यावर त्यांचा चेहरा असा सैल झाला, जणू घरी आले.

ती पुन्हा दुसऱ्या खोलीत. पण पाचव्या बोर्डला मी जे केलं तेच तिनंही केलेलं! तीन नो-ट्रम्पच्या सोप्या बोलीवर थांबायचं सोडून सहा किलवर बोललो दोघं, म्हणजे तेरातले बारा हात करायचे, आणि दोघंही पडलो. दोन्ही खोल्यांत इतर कुणी असं बोललं नसतं. आमचे कॅप्टन गुप्ते साहेब म्हणाले, "दोन वेड्यांनी एकमेकांचं नुकसान केलं, हिशोब फिटला." मी आतून उडत होतो. दोन भिंतींपलीकडून तिनं माझ्यासारखाच विचार केला. हा योगायोग कसा असेल?

चहाला तिच्याजवळ गेलो. मी म्हटलं, "सहा किलवर!" ती हसली. "अरे हो, काय गाढवपणा." मग, "बरा आहेस ना? करतोस काय?" मी म्हटलं, "बिझनेस." टँकर हा बिझनेसच आहे.

तेवढ्यात तिची पार्टनर आली. विनिता मॅडम. पन्नाशीच्या, मोत्याच्या कुड्या, एकदम ठाकठीक. उर्वीची फार काळजी करतात. तिच्यासाठी वेगळ्या डब्यात बिनसाखरेचा शिरा आणलेला. तिच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "बारीक झालीस हं, ब्लाऊज पुन्हा द्यावे लागतील शिवायला." मग फोन तिच्यासमोर धरला, व्हिडिओवर कुणीतरी संदेश, टोरोंटोत, तिथं सकाळ. उर्वी त्याला म्हणाली, "गप रे, जिंकतोय आम्ही." भाऊ असावा, मावसभाऊ वगैरे. बोलणं तसंच होतं, भावाबहिणीसारखं. बरं आहे, घरची माणसं चांगली आहेत तिची.

विनिता मॅडमनी मलाही शिरा दिला. मी उगाच त्यांना खडूस समजत होतो.

८ सप्टेंबर

सहा किलवर.

१४ सप्टेंबर, रविवार

ठरलं. मला तिच्या टेबलावर बसायचंय. एकदाच. चार तास तिच्या बाजूला बसलो की तिला कळेल मी आता कसा आहे. ब्रिजच्या टेबलावर खोटं बोलता येत नाही. माणूस पान कसं टाकतो त्यावरून सगळं कळतं, हे तिनंच मला सांगितलेलं.

त्यासाठी काय लागेल? पुढचा सामना आमच्याकडे आहे. मी आणि काका उत्तर-दक्षिण सोडून पूर्व-पश्चिम बसलो की आमची जोडी तिच्या खोलीत. मी पश्चिम घेतली तर दक्षिणेच्या डाव्या हाताला मी. मध्ये फक्त टेबलाचा कोपरा.

गुप्ते साहेबांना काय, ते म्हणाले, "काका तयार असतील तर बसा." पण काका!

"मी उत्तरेला बसतो," म्हणाले.

"का पण? खुर्ची ती खुर्ची."

"मला तिथून नीट दिसतं."

"काय दिसतं?"

ते पत्ते पिसत राहिले. मी मग हट्टालाच पेटलो. तासभर बोललो. म्हटलं, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. उर्वीचं सगळं सांगितलं, कँटीन, आर्यन, सगळं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. काका शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "शकूला मी सहा महिने नुसता बघत होतो. रुईयाच्या गेटवर. मग एकदा तिच्या भावाला ब्रिजमध्ये चौथा भिडू हवा होता..." आणि हसले. "बसू रे. पूर्वेला बसू."

मी त्यांच्या पाया पडलो.

१९ सप्टेंबर

काकांची मुलगी निशिगंधा ताई हिचा फोन. ती बँकेत आहे, काका तिच्याकडेच राहतात. "बाबा म्हणत होते जागा बदलणार आहात. त्यांना नेहमीच्या जागीच बसू दे ना, धनेश."

मी म्हटलं, "ताई, काका स्वतः हो म्हणालेत."

"ते तुला नाही म्हणणार नाहीत."

"मग झालं तर."

ती काहीतरी सांगणार असं वाटलं. मग, "घरी आणून सोडशील ना? रिक्षात एकटं नको," आणि ठेवला. वडिलांना लहान मुलासारखं वागवतात ही नोकरी करणारी माणसं. मी काकांना बरोबरीनं वागवतो, म्हणूनच त्यांना मी आवडतो.

५ ऑक्टोबर, रविवार

लिहू का नको.

लिहितो.

सुरुवात स्वप्नासारखी. उर्वी दक्षिणेला, मी तिच्या डावीकडे, समोर पूर्वेला काका, विनिता मॅडम उत्तरेला. उर्वी म्हणाली, "अरे, आज इकडे?" मी म्हटलं, "हवापालट." ती पानं लावते तेव्हा खालचा ओठ दातात धरते. तसाच, अजून.

काका मात्र पहिल्यापासून चाचपडत होते. दोनदा बोर्ड त्यांनी चुकीच्या बाजूनं फिरवला. दोनदा विनिता मॅडमच्या खणातली पानं काढायला गेले, उत्तरेची. मॅडम म्हणाल्या, "देवस्थळी साहेब, ती माझी." काका सारखे खोलीत इकडं तिकडं बघत होते, कुणीतरी यायचं राहिल्यासारखे. मला लाज वाटायला लागलेली. आज नेमकं?

नववा बोर्ड. उर्वी चार इस्पिक बोलली, म्हणजे इस्पिक हुकूम आणि तिला दहा हात करायचे. ती चौकट खेळली, आणि काकांनी किलवर टाकली. म्हणजे काकांकडे चौकट संपली. मी विचारलं नाही. आमचं ठरलेलंच होतं, विचारायचं नाही. मी मनात सगळा हिशोब मांडला. पुढे हात माझ्याकडे आला की मी चौकट खेळणार, काका हुकमानं मारणार, आणि उर्वी एका हातानं पडणार. तिला कळणार मी काय खेळतो. झालंही तसंच. हात माझ्याकडे आला. मी चौकट खेळलो, जरा झोकातच.

काकांनी शांतपणे चौकटीचा नव्वा टाकला.

मघाशी तो नव्वा त्यांच्या हातातच होता. पान असून दिलं नव्हतं. नियमानं आम्हाला दंड.

विनिता मॅडमनी मान खाली घातली. उर्वी लगेच म्हणाली, "राहू दे ना, मैत्रीचा सामना आहे. काका, तुम्ही मघाचं पान परत घ्या. आपण तिथून पुढं खेळू." किती सहज म्हणाली. आणि तेच मला लागलं. तिच्यासमोर मला भीक नको होती. मी पानं टेबलावर आपटली. "भीक नको आम्हाला! काका, डोळे फुटले का तुमचे? एवढा मोठा नव्वा दिसला नाही? एक दिवस, एकच दिवस मी मागितला होता तुमच्याकडे!" दुसऱ्या खोलीतून गुप्ते साहेब धावत आले, इतका मोठा माझा आवाज.

काकांनी नव्वा उचलून पुन्हा हातात घेतला. ते माझ्याकडे बघत नव्हते. विनिता मॅडमकडे बघत होते, म्हणजे उत्तरेच्या खुर्चीकडे. मग माझ्याकडे बघून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "चुकलं ग शकू. तू विचारलं नाहीस."

एसीचा आवाज येत होता.

मी बाहेर व्हरांड्यात गेलो. थोड्या वेळानं उर्वी आली. मला वाटलं समजूत काढायला.

ती म्हणाली, "तू तसाच आहेस."

मी म्हटलं, "हे सगळं कुणासाठी केलं माहीत आहे तुला?"

"माहीत आहे. तेव्हाही तू हेच म्हणालेलास. मी आर्यनला मारायला सांगितलं होतं? मी त्याला माझं उत्तर दिलं होतं, धनेश. वर्गासमोर. ते कुणाला आठवत नाही. सगळ्यांना तुझी मारामारीच आठवते." मग जरा खाली आवाजात, "आणि मी चोवीस नोव्हेंबरनंतर इथं नसेन. लग्न आहे. संदेशशी."

"कोण संदेश?"

ती बघतच राहिली. "विनिता आईंचा मुलगा. अरे, तुझ्यासमोरच तर बोलले होते त्याच्याशी. सगळ्यांना माहीत आहे."

शिरा. ब्लाऊज. सगळं माझ्यासमोरच होतं. मी एकटाच आंधळा. आणि डोळे फुटले का म्हणून मी कुणाला ओरडलो!

काकांना गुप्ते साहेबांनी घरी सोडलं. मी सोडणार होतो.

६ ऑक्टोबर

काही नाही.

९ ऑक्टोबर

टँकरवर गेलो. एका सोसायटीत पाण्यावरून दोन बायकांचं भांडण लागलेलं. नेहमी मी मध्ये पडतो, आवाज चढवतो. आज पाइप धरून उभा राहिलो. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, तब्येत बरी नाय का?"

१२ ऑक्टोबर, रविवार

काकांकडे गेलो. जिन्यात दोनदा थांबलो. माफी कशी मागायची ते आधी चार वाक्यांत पाठ केलेलं.

दार काकांनीच उघडलं. "ये ये, धनेश! कालचा सामना कसा झाला रे? जिंकलो ना?"

मी पाठ केलेली चारही वाक्यं गिळली. निशिगंधा ताई मागे उभी होती. तिनं मान हलवली, बोलू नको म्हणून. काका पंख्याखाली बसले, पेपर उलगडला, आणि मला म्हणाले, "हा वास कसला येतोय रे बाहेरून?"

व्हिनेगरचा होता. माझ्यासारख्यालाही कळला.

ताईनं मला आत बोलावलं. चहा उकळताना बोलत होती, माझ्याकडे पाठ करून. दीड वर्ष झालं म्हणाली. आधी नावं गेली, मग रस्ते. "मी तुला तेव्हाच सांगणार होते फोनवर. बाबांनी शपथ घातलेली. म्हणाले, तो पोरगा माझा पार्टनर म्हणून येतो, माझी शुश्रूषा करायला नाही."

मी विचारलं, "मग खेळतात कसे?"

"आई असताना सुरुवात झाली होती बहुतेक. आम्हाला कळलं नाही, तिला कळलं होतं. ती दर हाताला विचारायची, हे नाही, ते नाही? बाबांना ओशाळं वाटू नये म्हणून तेही तिला विचारायचे. क्लबात थट्टा व्हायची, देवस्थळी नवराबायको पत्ते कमी खेळतात, चौकशा जास्त करतात." चहा गाळला. "उत्तरेला बसलं की समोर आई असते त्यांना. बाकी कुठं बसवलं की शोधत राहतात."

बाहेरच्या खोलीत काका मोठ्यानं पेपर वाचत होते, एकच ओळ, पुन्हा.

मी चहा न पिता निघालो. नंतर वाटलं, प्यायला हवा होता. तिनं साखर कमी घातलेली, विचारून.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

अंघोळ करून फडके रोडला गेलो, सगळी डोंबिवली जाते तसा. नवे कुर्ते, साड्या, सेल्फी, ढोलताशा. कॉलेजचे तिघं दिसले, त्यांनी हात केला, मी पण केला. मग त्यांच्या घोळक्यात आणखी कुणी आलं आणि ते फिरले. गर्दीत मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. हजार माणसं, आणि मला हाक मारू शकेल असं एक नाही. म्हणजे एक आहे. तो मला दुसऱ्याच नावानं हाक मारतो.

आईनं दिलेली चकली काकांकडे पोचवली. काका म्हणाले, "शकू, भाजणी छान जमलीय." मी आणखी एक पुढं केली. ताई हसली, आणि मग नाही हसली.

२८ ऑक्टोबर

गुप्ते साहेबांनी बोलावलं. बोलणं गोड, नेहमीसारखं. "काकांना आता विश्रांती देऊ या. त्या दिवशी फार ताण झाला त्यांना. तुझा खेळ चांगला आहे, फक्त डोकं थंड ठेव. आपल्याच क्लबातल्या कल्पिता ताई तुझ्याबरोबर खेळायला तयार आहेत. रविवारी माजिवड्याला पूर्व-पश्चिम बसा. पाम व्ह्यूच्या त्या सासूसुनेचा शेवटचा सामना आहे, जोर लावू."

म्हणजे उर्वीच्या टेबलावर. पुन्हा, शेवटचं. मी काही न मागता.

मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

विचार काय करायचा होता? सप्टेंबरात कुणी असं म्हणालं असतं तर मी नाचलो असतो. घरी येऊन मी मनात तिच्याशी चार तासांचं बोलणं जुळवलं. मी शांतपणे खेळीन, एक शब्द जोरानं बोलणार नाही, ती निघताना म्हणेल, बदललास. मग? मग ती टोरोंटोला जाईल. मला तिला काहीतरी दाखवायचंच आहे अजून. दाखवायचं, दाखवायचं. कुणाला पान दाखवून खेळतात का?

रविवारी उत्तरेच्या खुर्चीवर कल्पिता ताईंचा नवरा बसणार आहे. आणि काका घरी, पंख्याखाली, तयार होऊन. रविवार त्यांना आठवतो म्हणे. तेवढा एकच वार आठवतो.

२९ ऑक्टोबर

गुप्ते साहेबांना फोन केला. "मी दक्षिणेला बसतो. समोर काका. नाहीतर मी पण नाही."

"अरे, हरू आपण."

"हरलो तर पत्ते मी आणीन."

"पत्त्यांचा प्रश्न नाही, धनेश. पुन्हा तसं झालं तर?"

"मी विचारीन त्यांना. प्रत्येक हाताला."

गुप्ते साहेब शकूकाकूंच्या वेळेपासून कॅप्टन आहेत. त्यांना थट्टा आठवली असावी. म्हणाले, "सावकाश खेळ मग."

मी फडके रोडवरून पत्त्यांचे दोन जोड आधीच घेऊन ठेवले.

२ नोव्हेंबर, रविवार

माणकोलीच्या पुलावर काकांनी तीनदा विचारलं, आज कोणाबरोबर आहे. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मीच सांगितलं, न विचारता, खाडी बघत.

लॉबीत उर्वी भेटली. हातात मेंदी नाही अजून, तीन आठवड्यांनी लागेल. म्हणाली, "आज कुठं बसतोयस?" मी म्हटलं, "दक्षिणेला." तिनं काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं केलंस." एवढंच बोलून ती तिच्या खोलीत गेली. विनिता मॅडमनी काकांना वाकून नमस्कार केला. काकांनी त्यांना "सुखी राहा" म्हटलं, ओळख न पटता.

टेबलावरचा बाण मी काकांना दाखवला. ते उत्तरेला बसले, मी समोर. तो चेहरा पुन्हा सैल झाला. मी पहिल्या वेळी बघितला होता, पण तेव्हा मला वाटलेलं, माझ्यामुळे.

दुसऱ्याच हाताला काकांनी किलवरीवर इस्पिक टाकलं. मी विचारलं, "किलवर नाही, काका?" समोरच्या टीमचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी पानं पंख्यासारखी उघडली, नाकाजवळ नेली. वेळ गेला. मला घाई नव्हती, म्हणजे होती, पण मी हात मांडीखाली दाबून बसलो. मग त्यांना सापडली, एका कोपऱ्यात, इस्पिकच्या मागे लपलेली किलवरची पंजी. "आहे की!" म्हणाले, हरवलेली किल्ली मिळाल्यासारखे.

नंतर प्रत्येक वेळी विचारलं. चौकट नाही, काका? इस्पिक नाही? बहुतेक वेळा नसायचंच, ते "नाही" म्हणायचे आणि खूश व्हायचे. समोरचे एक गृहस्थ शेवटी म्हणाले, "अहो, इतकं विचारता?" काकाच त्यांना म्हणाले, "आमच्या घरची पद्धत आहे."

सातवा बोर्ड दुसऱ्या खोलीतून आला. दक्षिणेच्या खणातली तेरा पानं उर्वीच्या हातातून आलेली. मी ती काढली, रंगवार लावली. गार होती. मी बोललो आणि खेळलो. तिनं त्याच पानांचं काय केलं ते बघायला नंतर गेलो नाही.

आम्ही हरत होतो. बरेच. ते कळत होतं.

शेवटचा बोर्ड. समोरच्यांनी बदाम खेळला. माझ्याकडे बदाम नव्हता, मी चौकट टाकली. काका हातातल्या पानांवरून वर बघत म्हणाले, "बदाम नाही, शकू?"

टेबलावरचे दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी माझी पानं पुन्हा एकदा उघडून बघितली, डावीकडून उजवीकडे, सगळी, जसं काका बघतात.

"नाही हो," मी म्हटलं.

काकांनी मान हलवली, आणि आपलं पान टाकलं.